क्रोमला पर्याय की नसता उपद्व्याप? ‘लेडीबर्ड’ ब्राउझरची एवढी चर्चा का?

नवा ब्राउझर आला, ही आता फारशी मोठी बातमी राहिलेली नाही. दर काही महिन्यांनी एखादा येतो. कुणी गोपनीयतेची हमी देतो, कुणी जाहिराती अडवतो, तर कुणी आत कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस बसवून देतो. मात्र यांतल्या बहुतेकांचे झाकण उघडले, की आत एकच यंत्र सापडते, ते म्हणजे गूगलचे. ‘लेडीबर्ड’ हा मुक्तस्रोत ब्राउझर याला अपवाद आहे. त्याचे इंजिन शून्यापासून लिहिले जात आहे. तो अजून सर्वसामान्यांच्या हाती पोहोचलेलाही नाही, तरीही त्याच्याविषयी तंत्रज्ञांच्या वर्तुळात कमालीचा उत्साह आहे आणि तितकीच कडवट टीकाही. असे का?

इंजिन वेगळे म्हणजे नेमके काय?

ब्राउझर म्हणजे वरची पट्टी, टॅब आणि बुकमार्क असे आपल्याला वाटते. ते खरे तर बाहेरचे रंगकाम झाले. खरे काम आतले इंजिन करते. एखाद्या वेबसाइटकडून येतो तो नुसता मजकूर: एचटीएमएलमधली मांडणी, सीएसएसमधली सजावट आणि जावास्क्रिप्टमधल्या सूचना. त्यांचा अर्थ लावून पडद्यावर पान उभे करणे, माउसच्या प्रत्येक क्लिकला प्रतिसाद देणे, व्हिडिओ चालवणे आणि हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करणे, ही इंजिनाची जबाबदारी असते.

आज जगात चलनात असलेली मोठी इंजिने तीनच आहेत. गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. त्यातही ब्लिंक हे वेबकिटमधूनच २०१३ साली फुटून निघाले, आणि वेबकिट ‘केएचटीएमएल’ या जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पावर उभे राहिले होते. गेकोचा जन्म नेटस्केपच्या घरातला. म्हणजे तिघांचीही मुळे १९९०च्या दशकात जातात. त्यानंतर नव्याने उभे राहून आज जगभर वापरात असलेले एकही इंजिन नाही.

उलट होती ती बंद पडली. नॉर्वेच्या ऑपेराने २०१३ साली स्वतःचे ‘प्रेस्टो’ इंजिन सोडून दिले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही डिसेंबर २०१८मध्ये आपल्या इंजिनाला रामराम ठोकल्याचे जाहीर केले, आणि २०२०च्या जानेवारीत आलेला नवा ‘एज’ गूगलच्या क्रोमियमवर बांधलेला होता. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हे सगळे त्याच पंगतीतले. ज्या मायक्रोसॉफ्टने एकेकाळी ब्राउझरच्या बाजारात नेटस्केपला धूळ चारली, तिला इंजिन चालवणे परवडले नाही. मग मूठभर लोकांना ते कसे जमणार, हा लेडीबर्डवरचा पहिला आक्षेप इथून येतो.

लेडीबर्ड आला कुठून?

आंद्रेआस क्लिंग हे स्वीडनचे प्रोग्रॅमर. ॲपलमध्ये असताना ते वेबकिटवर काम करत. २०१८ साली व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर रिकामा वेळ सत्कारणी लावण्यासाठी त्यांनी ‘सेरेनिटी ओएस’ ही छंदापुरती ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. सिस्टिम आली, की तिच्यात ब्राउझर हवा. म्हणून तोही घरीच बनवायला घेतला. २०२२मध्ये तो इतर सिस्टिमवरही चालू लागला आणि ‘लेडीबर्ड’ हे नाव सर्वांसमोर आले. जून २०२४मध्ये क्लिंग यांनी ब्राउझर सेरेनिटीपासून वेगळा काढला. १ जुलै २०२४ रोजी गिटहबचे एक संस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांच्यासोबत त्यांनी विनानफा संस्था जाहीर केली. वॉनस्ट्रॅथ यांनी १० लाख डॉलर देण्याचे वचन दिले. पहिली अल्फा, म्हणजे हौशी आणि जाणकारांनी तपासून पाहण्याजोगी, आवृत्ती २०२६मध्ये लिनक्स आणि मॅकसाठी आणण्याचे उद्दिष्ट ठरले.

छंदातून सुरू झालेले काम पाच-सहा वर्षांत इथवर आले, ही गोष्ट कुणालाही आवडावी अशीच आहे. तरुण प्रोग्रॅमर मंडळींना ती विशेष भावली. ब्राउझर ही एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरची वस्तू आहे असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. क्लिंग मात्र कॅमेऱ्यासमोर बसून, चुका करत, त्या दुरुस्त करत कोड लिहीत होते आणि पाहणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे हातभार लावू लागले.

पण टीका कसली?

सर्वांत तिखट प्रतिक्रिया आली ती फायरफॉक्सच्या चाहत्यांकडून. त्यांचे म्हणणे असे, की क्रोमला खरा पर्याय आधीच आहे आणि तो मुक्तस्रोतही आहे. जगभरच्या वापरात फायरफॉक्सचा वाटा आता दोन-तीन टक्क्यांवर घसरला आहे, क्रोमचा साधारण दोन-तृतीयांश आहे. अशा वेळी जे हात आणि जो पैसा फायरफॉक्सला सावरायला लागायला हवा, तो नव्या खेळण्याकडे का वळवायचा?

या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. फायरफॉक्सची अडचण हातांची नाही, ताटाची आहे. मोझिलाचे २०२३ सालचे उत्पन्न ६५ कोटी डॉलरच्या आसपास होते आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा सर्च इंजिन कंपन्यांकडून, म्हणजे प्रामुख्याने गूगलकडून आला. फायरफॉक्स उघडल्यावर शोधपेटीत आपोआप गूगल असावे, याचे ते मोल. ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच पैशावर चूल पेटते. ॲपलला तर गूगलने याच कारणासाठी २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. त्या खटल्यात ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल दिला. शिक्षा काय, यावर वर्षभर खल झाला. गंमत अशी, की गूगलला हे पैसे देण्यास पूर्ण बंदी घालू नका, असे सांगायला मोझिलाचा अधिकारी साक्षीला उभा राहिला. सप्टेंबर २०२५च्या आदेशात क्रोम विकण्याची सक्ती झाली नाही आणि असे पैसे देण्याची वाटही पूर्ण बंद झाली नाही. फायरफॉक्सने सुटकेचा निःश्वास टाकला असणार. मात्र त्याचे जगणे कोणाच्या हाती आहे, हेही त्यातून सगळ्यांना दिसले.

त्याआधी फेब्रुवारी २०२५मध्ये फायरफॉक्सच्या वापराच्या अटी बदलल्या. ‘तुमची माहिती कधीही विकणार नाही’ अशा अर्थाचे जुने आश्वासन गायब झाल्याचे लक्षात येताच वापरकर्ते संतापले. काही दिवसांत शब्दरचना सुधारावी लागली. असाच प्रकार सप्टेंबर २००८मध्ये क्रोम पहिल्यांदा आला तेव्हाही घडला होता. त्याच्या अटींच्या ११व्या कलमात, वापरकर्ता ब्राउझरमधून जे काही लिहील वा दाखवील त्यावर गूगलला व्यापक परवाना मिळत होता. गदारोळ झाला, कंपनीने ते कलम मागे घेतले आणि दुसऱ्या उत्पादनांच्या मसुद्यातून ते चुकून आले, असे स्पष्टीकरण दिले. क्रोमचे पुढे काय झाले, ते आपण पाहतोच. लोक अटींवरून रागावतात, पण ब्राउझर सोडतात ते तो हळू चालला तर.

लेडीबर्डने इथे उलटी वाट धरली आहे. सर्च इंजिनशी करार नाही, जाहिराती नाहीत, वापरकर्त्यापासून कोणत्याही मार्गाने कमाई नाही, फक्त देणग्या. देणगी कितीही मोठी असली, तरी तिच्या बदल्यात संचालक मंडळात खुर्ची मिळत नाही. शॉपिफाय, फ्युटो यांनी पैसे दिले. सप्टेंबर २०२५मध्ये क्लाउडफ्लेअरनेही पाठिंबा जाहीर केला. जगातल्या वेबसाइटच्या वाहतुकीचा मोठा हिस्सा ज्या कंपनीतून जातो, तिला एकाच इंजिनाचे राज्य नको असणे स्वाभाविक आहे. पण हे उत्पन्न ब्राउझरच्या दुनियेत चणे-फुटाणेच म्हणायचे. सुरुवातीच्या काळात पगारी अभियंते दहाच्याही आत होते. क्रोमवर काम करणाऱ्यांशी त्याची तुलनाच नको.

देणगीवर ब्राउझर उभा राहू शकतो का, याचे एक जुने उदाहरण आहे. २००४च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात झळकली. तिचे पैसे सुमारे दहा हजार सामान्य वापरकर्त्यांनी वर्गणी काढून भरले होते. पण वर्गणीतून जाहिरात छापणे वेगळे आणि वर्षानुवर्षे शंभर जणांचे पगार काढणे वेगळे. मोझिलाही अखेर शोधपेटीच्या करारावरच स्थिरावली.

एकच इंजिन असले तर बिघडते कुठे?

बहुतेक वाचकांच्या मनात हाच प्रश्न येईल. क्रोम फुकट आहे, वेगवान आहे आणि त्याचा बराचसा कोडही खुला आहे. मग हट्ट कशाला?

कोड खुला असणे आणि निर्णय खुला असणे यात फरक आहे. क्रोमियमचा कोड कुणीही घेऊ शकतो, पण त्यात काय असावे आणि काय काढावे, हे मुख्यतः गूगल ठरवते. गणिताची सूत्रे वेबपानावर नीट दाखवण्यासाठी ‘मॅथएमएल’ नावाचे प्रमाण आहे. २०१३च्या सुरुवातीला ते क्रोममध्ये आले आणि लगेचच्या आवृत्तीत काढून टाकले गेले. ते परतले जानेवारी २०२३मध्ये. तेही स्पेनमधल्या ‘इगालिया’ या संस्थेने चिकाटीने काम करून परत आणले. जगातल्या सर्वांत मोठ्या ब्राउझरमध्ये दहा वर्षे समीकरण सरळ दिसले नाही, कारण कंपनीच्या यादीत ते वर नव्हते. अलीकडचे उदाहरण जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचे. ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही नवी नियमावली आल्यावर लाखो लोक वापरत असलेले ‘यूब्लॉक ओरिजिन’ २०२४-२५मध्ये क्रोममध्ये चालेनासे झाले. सुरक्षेसाठी बदल केला, असे गूगल सांगते आणि त्या कारणात काहीच दम नाही असे म्हणता येणार नाही. पण जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्या अवजाराची धार किती असावी हे ठरवावे, यात काय खटकते ते वेगळे सांगायला नको.

मराठी वाचकाला तर एका ब्राउझरच्या राज्याचा अनुभव आहे. युनिकोड रुळण्याआधी भारतीय भाषांतली कित्येक वृत्तपत्रे संकेतस्थळावर आपापला वेगळा फॉन्ट वापरत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तो आपोआप उतरत असे. दुसरा ब्राउझर असेल, तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशीही अमुक ब्राउझरच वापरा, अशी सूचना असायची. दक्षिण कोरियाने याची सर्वांत महागडी किंमत मोजली. तिथे नव्वदच्या दशकाअखेर देशी सांकेतिकरणाची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्हएक्स’वर बसवली गेली आणि पुढे दशकाहून अधिक काळ ऑनलाइन बँक व्यवहारांसाठी लोक इंटरनेट एक्स्प्लोररला बांधले गेले. जगात इंटरनेटचा वेग सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक, आणि ब्राउझर निवडायची मात्र सोय नाही.

वेबचे नियम कागदावर सर्वांसाठी खुले असतात. पण ते नियम वाचून स्वतंत्रपणे इंजिन बनवणारे कुणी उरलेच नाही, तर नियमात लिहिलेय काय यापेक्षा क्रोम करतो काय, हाच नियम होऊन बसतो. लेडीबर्डचे खरे महत्त्व इथे आहे, ते किती जण वापरतील यात नाही. नियमपुस्तिका वाचत वाचत इंजिन लिहिताना पुस्तिकेतल्याच संदिग्ध जागा आणि चुका सापडतात. त्या दुरुस्त झाल्या, की फायदा सर्वांचा होतो.

आतापर्यंत जमले किती?

ब्राउझरची परीक्षा घेणारा ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ हा सामायिक संच आहे. त्यात सुमारे वीस लाख छोट्या चाचण्या आहेत. ॲपलने युरोपीय संघाच्या कायद्यामुळे आयफोनवर इतरांच्या इंजिनांना परवानगी देताना त्यातल्या ९० टक्के चाचण्या उत्तीर्ण होण्याची अट घातली. लेडीबर्डने २०२५च्या उत्तरार्धात हा टप्पा गाठला. समर्थकांनी आनंदोत्सव केला, तो योग्यच होता. पण या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. या संचात अक्षर-सांकेतिकरणासारख्या एकेका विषयावर लाखोंनी चाचण्या आहेत आणि काही किचकट विषयांवर मोजक्याच. ९० टक्के गुण म्हणजे ९० टक्के वेबसाइट नीट चालतात, असा अर्थ होत नाही. उरलेल्या दहा टक्क्यांत तुमच्या बँकेचे पान असू शकते.

‘शून्यापासून’ या शब्दाचाही अर्थ नीट घ्यायला हवा. सेरेनिटीच्या काळात अगदी प्रत्येक गोष्ट स्वतः लिहायची, असा दंडक होता. वेगळे झाल्यावर तो सोडला. आता चित्रे रेखाटायला ‘स्किया’ हे ग्रंथालय वापरले जाते, आणि ते गूगलच्याच घरचे आहे. इंजिनाचे डोके स्वतःचे, काही हातपाय सामायिक, असा हा मामला. मराठीच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. अक्षरांची जुळवाजुळव करणारे ‘हार्फबझ’ हे मुक्तस्रोत ग्रंथालय क्रोम आणि फायरफॉक्ससारखेच लेडीबर्डही वापरतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’ तर झालेच, पण ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र नीट उमटवणे हे नवख्या प्रोग्रॅमरच्या लक्षातही येणार नाही असे काम आहे. ते आयते मिळाले.

सुरक्षेचा प्रश्न मात्र असा आयता सुटत नाही. ब्राउझर हे घरातले असे दार आहे, की जे रोज शेकडो अनोळखी पाहुण्यांना आत घेते. क्रोमच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे होत्या, असे क्रोमियमच्याच चमूने २०२०मध्ये सांगितले. सी प्लस प्लस या भाषेत अशा चुका सहज होतात आणि लेडीबर्डची सुरुवात याच भाषेत झाली. २०२४मध्ये ‘स्विफ्ट’ या अधिक सुरक्षित भाषेकडे वळण्याचा मनोदय जाहीर झाला खरा, पण लाखो ओळींचा संसार हलवणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलणे. प्रत्येक टॅबला वेगळ्या प्रक्रियेत कोंडून ठेवण्याची रचना लेडीबर्डमध्ये आहे, ही जमेची बाजू. तरीही हल्लेखोरांनी वर्षानुवर्षे ठोकून पाहिलेले दार आणि नुकतेच बसवलेले दार यांत फरक राहणारच.

एक वाद कोडबाहेरचाही झाला. २०२१मध्ये कुणीतरी सूचनापत्रकात विकासकासाठी सरसकट वापरलेले पुल्लिंगी सर्वनाम बदलून तटस्थ करण्याची दुरुस्ती सुचवली होती. ‘इथे वैयक्तिक राजकारण नको’ अशा आशयाचे उत्तर देऊन क्लिंग यांनी ती नाकारली. २०२४मध्ये संस्था जाहीर होताच हे प्रकरण पुन्हा वर आले आणि काही दिवस ब्राउझरपेक्षा त्याचीच चर्चा अधिक रंगली. शब्द नंतर बदलले गेले. बदल दोन शब्दांचा होता. पहिल्याच दिवशी केला असता तर कुणाच्या लक्षातही राहिला नसता. जगाचा ब्राउझर व्हायचे, तर जगाशी बोलण्याची रीतही शिकावी लागते, एवढे टीकाकारांचे म्हणणे रास्तच आहे.

भारताचा याच्याशी काय संबंध?

इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३मध्ये ‘भारतीय वेब ब्राउझर’ बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५मध्ये निकाल लागला. झोहो कंपनीला पहिल्या क्रमांकाचे एक कोटी रुपये मिळाले. भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेला ब्राउझरमध्ये थेट मान्यता असावी, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो गैर नाही. आपली प्रमाणपत्रे विश्वासार्ह मानायची की नाही, हे परदेशी ब्राउझर कंपन्या ठरवतात, ही अडचण खरी आहे. पण झोहोचा ‘उला’ ब्राउझर उभा आहे तो क्रोमियमवरच. म्हणजे दारावरची पाटी स्वदेशी, पाया गूगलचा. वर दिलेल्या आकड्यांवरून दिसते, की एक कोटी रुपयांत दुसरे काही होणेही शक्य नव्हते. वॉनस्ट्रॅथ यांची एकट्याची देणगी याच्या कित्येक पट आहे आणि तीही अपुरी पडते, असे टीकाकार म्हणतात.

दुसरी अडचण लेडीबर्डची. भारतात इंटरनेट म्हणजे बहुतांशी अँड्रॉइडचा मोबाइल, आणि त्यात क्रोम आधीच बसवलेला असतो. क्रोमचा भारतातला वाटा जागतिक सरासरीहूनही बराच मोठा आहे. लेडीबर्डचा भर मात्र लिनक्स आणि मॅकवर आहे. विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच्या आवृत्तीची तारीख ठरलेली नाही. त्यामुळे ज्यांना कोड वाचता येतो, त्रुटी कळवायची हौस आहे, किंवा देवनागरी पाने त्यात कशी दिसतात हे तपासून पाहायचे आहे, त्यांनी तो जरूर चालवून बघावा. बँकेचे व्यवहार, विवरणपत्र किंवा प्रवेश अर्ज यांसाठी सध्याचाच ब्राउझर ठेवावा. क्रोम नकोसा झाला असेल, तर आज फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे चालणारे, गूगलचे इंजिन नसलेले ठळक मुक्तस्रोत नाव एकच आहे, आणि ते फायरफॉक्स. तेही अँड्रॉइडवर. आयफोनवर भारतात फायरफॉक्स घेतला, तरी आत वेबकिटच असते.